एकावर पूज्य

बाबा गेल्यावर आईनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली: दुपारचं वाचन बंद पडू द्यायचं नाही.

तिची नजर काही वर्षांपासून विझत आली आहे. तिला मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा नाही, पण त्याच्या मागची खिडकी दिसते. वाचणं सुटलं तेव्हा तिनं तक्रार केली नाही; फक्त जेवताना बोलायची ती बोलेनाशी झाली. मग बाबांनी एक माइक आणला आणि आतल्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर, कॉम्प्युटरपुढे बसून पुस्तकं मोठ्यानं वाचून साठवायला सुरुवात केली. सकाळी त्यांनी एक प्रकरण वाचायचं, दुपारी आईनं ते ऐकायचं. तिच्यासमोर बसूनच का वाचत नाही, असं मी एकदा विचारलं होतं.

"समोर बसलो की ही मधे मधे बोलते," ते म्हणाले.

"यांना मधे बोललेलं कधी चाललंय," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

तिला स्वतःला लावता यावं म्हणून त्यांनी आपल्या करड्या सदऱ्याच्या बाहीचं बटण काढून कीबोर्डवरच्या खालच्या लांब पट्टीवर चिकटवलं होतं. बोटाला बटण लागलं की दाबायचं. एकदा दाबलं की वाचन सुरू, पुन्हा दाबलं की बंद. ऐकून झालं की आई म्हणायची, "उरलेलं उद्या," आणि बटण दाबायची. तो सदरा अजून कपाटात आहे. त्याची एक बाही उघडीच असते.

बाबांनी आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. माणसांच्या हातांनी तारा जोडायच्या त्या काळापासून. त्यामुळे आकडे सांगण्याची त्यांची एक ढब होती. सुटे सुटे, प्रत्येकाला सारखा वेळ देऊन, आणि एक गट संपला की "पुढे?" शून्याला ते शून्य कधीच म्हणाले नाहीत. पूज्य म्हणायचे, त्यांच्या शाळेतल्यासारखं. एकावर पूज्य दहा, दोनावर पूज्य वीस. "शून्य म्हटलं की काही नाही असं वाटतं," ते म्हणायचे. "पूज्य म्हटलं की उठून उभं राहावंसं वाटतं. शेजारी एक असला तर तो त्याचे दहा करतो. एक निघून गेला तर बिचारं नुसतं पूज्य." लहानपणी आम्ही खेळायचो: ते एखादा लांबलचक आकडा सांगणार, मी तसाच्या तसा परत सांगणार. मी शून्य म्हटलं की डाव पहिल्यापासून.

मी त्यांची एकुलती एक. जुन्या हस्तलिखितांच्या एका संग्रहात काम करते. एकाच मजकुराच्या दोन प्रती समोर ठेवायच्या आणि मूळ कुठली, नक्कल कुठली, हे ठरवायचं, असं ते काम. लोकांना वाटतं जिच्यात चुका कमी ती मूळ. तसं नसतं, नक्कल करणारे शहाणे असतात, ते चुका सुधारत जातात. आम्ही शोधतो ती दोन्हींत सारखी असलेली चूक. एका प्रतीत त्या चुकीला कारण सापडतं: शाईचा डाग, फाटलेला कोपरा, मोडलेली ओळ. दुसरीत कागद स्वच्छ असतो, चूक मात्र तीच. मग ती नक्कल. चुकीचं कारण जिच्याजवळ, ती मूळ.

बाबांना हे फार आवडायचं. "म्हणजे चूक वारशानं येते," ते म्हणायचे, आणि माझ्याकडे बघून, "तुझं नाक बघ."

ते गेल्यावर मी रजा काढून आईजवळ राहायला आले. इमारत जुनी नाही आणि नवीही नाही. आतल्या खोलीची खिडकी एका अरुंद बोळात उघडते. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत, तिच्यावरून खाली गेलेले पाण्याचे नळ. कोणी वरच्या मजल्यावर पाणी सोडलं की नळ घसा खाकरल्यासारखा आवाज करतात. दुपारी त्या खोलीत एवढाच आवाज असतो, आणि बाबांचा.

पहिले काही दिवस सुरळीत गेले. बाबा एक कादंबरी वाचत होते, दीपगृहावर एकट्या राहणाऱ्या माणसाची. ती अर्धी राहिली होती. आई आधीची प्रकरणं पुन्हा ऐकत होती. मी बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालायचे आणि आत तो आवाज चालू असायचा. रडू यायचं नाही. घरात सगळे आहेत असं वाटायचं.

मग एका दुपारी आईनं हाक मारली.

"अगं, हे मधेच थांबले."

आई बाबांना कायम 'हे' म्हणत आली. मी आत गेले. कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला होता आणि उजव्या कोपऱ्यात लहान पांढरी अक्षरं होती. बाबांनी त्यातलं सगळं मराठीत करून घेतलं होतं, म्हणून अर्थाबद्दल शंकेला जागा नव्हती.

*ही प्रत अस्सल नाही.*

मला आधी भीती वाटली नाही, राग आला. बाबांनी कॉम्प्युटर घेतला तेव्हा त्यातली ऑपरेटिंग सिस्टीम रोख पैसे देऊन, खोक्यातली, घेतली होती. आमच्या ओळखीत तसं कोणी करत नव्हतं. फुकट मिळतं ते विकत कशाला, असं लोकांनी विचारलं तर ते म्हणायचे, "आपल्याच घराचं कुलूप चोरीच्या किल्लीनं उघडायचं का?" लायसन्सचा नंबर छापलेली चिठ्ठी खोक्याच्या बाजूला अजून चिकटलेली होती. मी ती पुसली, भिंगाखाली धरली. रोज करते तेच काम. कागद खरा, छपाई खरी, नक्षी खरी.

कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला तेव्हा लायसन्सची स्थिती दाखवणारं पान मी उघडलं. तिथे लिहिलं होतं:

*लायसन्स अस्सल आहे. ही प्रत दुसऱ्या यंत्रावर वापरात आहे. एका लायसन्सवर एकच प्रत चालेल.*

खाली दोन्ही यंत्रांची नावं होती. बाबांनी आमच्या यंत्राला नाव दिलं होतं: घर. दुसऱ्याचं नावही घर होतं. त्याच्यापुढे शेवटचा वापर कधी झाला ते दिलं होतं. *आत्ता.*

कोपऱ्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तिथल्या माणसाला सगळी गल्ली डॉक्टर म्हणते, कारण तो कोणाच्याही घरी गेला की दारातूनच विचारतो, "पेशंट कुठाय?" आमच्या दारातही त्यानं तेच विचारलं, आणि मग आईला बघून ओशाळला.

"ये रे डॉक्टर," आई म्हणाली. "पेशंट आत आहे. खोटा ठरलाय."

तो खुर्चीत बसला. खुर्ची करकरली. ती बाबांची खुर्ची, कोणीही बसलं तरी आधी कुरकुर करणारी.

"कोणीतरी काकांचा नंबर ढापलाय, ताई. दुसरं काही नाही."

"दुसऱ्या यंत्राचं नावही घर आहे," मी म्हणाले.

"अहो, निम्म्या जगाच्या कॉम्प्युटरचं नाव घर असतं. उरलेल्यांचं ऑफिस." तो हसला. "मी काय म्हणतो, हे उडवून टाकू. दुसरी टाकून देतो. चहा उकळेपर्यंत काम."

"विकतची?"

"विकतची कोण घेतं ताई."

"आमच्याकडे घेतात," आई दारातून म्हणाली. त्यापुढे त्यानं तो विषय काढला नाही.

मला खरी काळजी बाबांच्या वाचनाची होती. मी त्याला म्हटलं, आधी ते सगळं काढून माझ्या फोनवर घे. त्यानं घेतलं. मी फोन कानाला लावला. नळाचा आवाज ऐकू आला. पान उलटल्याचा. खुर्चीची करकर. पुन्हा पान. बराच वेळ मी बाबांच्या आवाजाची वाट बघत होते. फोनवर सगळी खोली उतरली होती, फक्त ते उतरले नव्हते.

डॉक्टरनं दुसरी फाइल घेतली, तिसरी घेतली. स्वतःच्या फोनवर घेतली. कॉम्प्युटरवर बाबा स्पष्ट ऐकू येत होते. बाहेर काढलं की रिकामी खोली आणि पानं.

"कॉपी नीट होत नसेल," तो म्हणाला. त्यानं हात शर्टाला पुसले. "तुम्ही असं करा ताई, कंपनीला फोन लावा. मशीनचाच आवाज असतो. पडद्यावर आकडे येतील ते वाचून दाखवायचे, मग तो तिकडूनच कुलूप उघडतो की झालं. फक्त शेवटी तो विचारेल, ही प्रत किती कॉम्प्युटरवर आहे. काही झालं तरी 'एक'च म्हणायचं. दोन म्हटलंत की संपलं."

"पण दोन असतील तर?"

"असू देत की. जो आधी एक म्हणेल त्याची खरी."

बाबाही असंच काहीतरी सांगायचे. कधी कधी एकाच तारेवर दोन बोलणी यायची. मग एक तोडावं लागायचं. कुठलं तोडायचं हे ऑपरेटरनं ठरवायचं नाही, असा नियम होता. ज्याला आधी उत्तर मिळालं ते राहायचं.

डॉक्टर चहा न घेताच गेला.

फोन करणं मी टाळलं. का, ते मला सांगता आलं नसतं. कॉम्प्युटर आता अधूनमधून आपोआप बंद पडत होता; पडदा काळा व्हायचा, कोपऱ्यात ती ओळ यायची. बाबांची वाक्यं मधेच तुटायची. आई हात मांडीवर ठेवून बसून राहायची. शेवटी मी ठरवलं, पुढचं आपणच वाचावं. बाबा जिथे थांबले होते तिथे पुस्तकात त्यांनी चष्मा पुसायचं फडकं ठेवलेलं होतं. त्याच्या पुढचं पान कोरं होतं. म्हणजे डाग, घडी, बोटाचा ठसा, काहीच नाही. मी माइकसमोर बसून ते प्रकरण वाचलं. शेवटाकडे एकदा अडखळले. छापलेलं होतं, 'त्यानं दिवा लावला.' मी वाचलं, "त्यानं दार लावलं." मग म्हटलं, "थांब हं, पुन्हा घेते," आणि नीट वाचलं.

आईनं दुपारी ते ऐकलं.

"कसं झालं?"

"छान वाचतेस. यांच्यासारखंच." ती हसली. "चुकतेससुद्धा तिथेच."

"कुठे?"

"ते नाही का, 'दार लावलं.' परवा हेही तिथेच चुकले."

मी तिला म्हटलं, आई, बाबा या प्रकरणापर्यंत आलेच नव्हते. फडकं अजून आधीच्या पानात आहे. तिनं ऐकून घेतलं आणि मान हलवली, लहान मुलाच्या हट्टाला हलवावी तशी.

ती झोपायला गेल्यावर मी साठवलेल्या वाचनाची यादी उघडली. बाबांच्या शेवटच्या प्रकरणाखाली आणखी प्रकरणं होती. रोजचं एक. कालचं होतं. आजचं, सकाळचं, होतं. कॉम्प्युटरचं घड्याळ बिघडलं असेल असं मी मनाशी म्हटलं, आणि मनगटावरचं घड्याळ बघितलं. दोन्ही जुळत होती.

परवाच्या तारखेला मी वाचलेलंच प्रकरण त्यांच्या आवाजात होतं. मी ते लावलं.

ते वाचत होते. तीच संथ लय, तोच प्रत्येक शब्दाला सारखा वेळ. मागे नळ खाकरला. वाचन शेवटाकडे आलं. माझे हात गार पडले होते हे मला नंतर कळलं.

तेवढ्यात त्या आवाजात कुठेतरी दार धाडकन आपटलं. वाऱ्यानं आपटावं तसं. बाबा दचकले, श्वास ऐकू आला, आणि ते म्हणाले, "त्यानं दार लावलं." मग, "थांब हं, पुन्हा घेतो."

मी पुस्तक उघडलं. 'दिवा' स्पष्ट होता. कागद स्वच्छ होता. मी वाचत होते तेव्हा घरातलं कुठलंही दार आपटलं नव्हतं. खिडकीतून वाराही नव्हता. चूक दोघांचीही तीच. त्यांच्या चुकीला कारण होतं. माझ्या चुकीला नव्हतं.

आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या कागदांना लावत आलेला नियम माझ्यासमोर बसला होता.

वाचन संपलं होतं, पण फाइल संपली नव्हती. त्यांनी पुस्तक मिटल्याचा आवाज आला. आणि मग लांबून, दाराकडून, आईचा आवाज.

"पाणी देऊ?"

"नको."

"दमलात?"

"दमलो नाही." खुर्ची करकरली. "हे तिनं वाचायचं होतं. अर्धंच राहिलं तिचं."

"तिच्यासारखं नाही जमत तुम्हाला," आई म्हणाली. हळू, प्रेमानं.

"नाहीच जमत."

नळ खाकरला.

"डॉक्टर येऊन गेला," बाबा म्हणाले. "तिच्या कॉम्प्युटरचं काहीतरी लायसन्सचं आहे म्हणतो. खोटं दाखवतंय. ती खोटी वस्तू घरात आणेल का?"

"नाही आणणार."

"तेच म्हटलं मी त्याला."

या घरात बाबांची 'ती' एकच: मी.

मी आईच्या खोलीत गेले. ती जागीच होती, कुशीवर, तोंड भिंतीकडे.

"आई, परवाचं ते प्रकरण तू शेवटपर्यंत ऐकलंस?"

"ऐकलं की."

"शेवटी बोलतात ते?"

"हो."

"बाबा कोणाबद्दल बोलताहेत आई?"

ती उठून बसली. तिनं माझ्या चेहऱ्याच्या दिशेला चेहरा केला, आणि नेहमीसारखी तिची नजर माझ्यावरून मागे निघून गेली. तिनं चाचपडत माझा हात शोधला. तिचा हात ऊबदार होता. माझा तिला कसा लागला, मला माहीत नाही.

"मला वाटलं तुला माहीत आहे," ती म्हणाली.

रात्र कशी गेली ते सांगण्यासारखं नाही. सकाळी मी शहाण्या माणसासारखं वागायचं ठरवलं. आईच्या आठवणींचा गोंधळ होतोय. मी दुःखात आहे, झोप नाही. आवाज कानाला फसवतो. मी चेहऱ्यावर पाणी मारलं, आरशात बघितलं. नाक बाबांचंच होतं. निळा स्वेटर घातला, आईनं नजर होती तेव्हा विणलेला, लाकडी बटणांचा. तो घातला की मला धीर येतो.

दुपारी आई आतल्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. पडदा काळा होता.

"फोन कर बाई," ती म्हणाली. "काय तो निकाल लागू दे. हे असं तुटक तुटक मला ऐकवत नाही."

"आणि बंदच पडलं तर?"

"काहीतरी राहील की. दोन्ही कसं बंद पडेल."

ती बाहेर जाऊन बसली. मी फोन लावला.

एका बाईचा ध्वनिमुद्रित आवाज आला, गोड आणि कोरडा. पडद्यावरचे आकडे वाचा. प्रत्येक गटानंतर थांबा. मी वाचायला लागले. पहिला गट. दुसरा गट. बाईचा आवाज प्रत्येक गट परत सांगायचा, मी हो म्हणायचे. तिसऱ्या गटात शून्य होतं. मी शून्य म्हटलं.

बाईचा आवाज गट परत सांगू लागला. त्याच्याखाली, जुन्या तारांवर दुसऱ्याचं बोलणं ऐकू यायचं तसं, आणखी कोणीतरी तोच गट सांगत होतं. सुटा सुटा. प्रत्येक आकड्याला सारखा वेळ देऊन.

"...सात. एक. पूज्य. पुढे?"

मी फोन दोन्ही हातांनी धरला.

"पुढचा गट वाचा," बाईचा आवाज म्हणाला.

मी वाचला. खालून तोच गट आला, माझ्या अर्धं पाऊल पुढे. मी परत सांगत होते. आमचा जुना खेळ. कोण सांगतंय आणि कोण परत सांगतंय, तेवढंही बदललं नव्हतं.

"बाबा?" मी म्हणाले.

"माफ करा, उत्तर समजलं नाही," बाईचा आवाज म्हणाला. "कृपया फक्त आकडे सांगा."

तिकडे ते थांबले. मला त्यांचा श्वास ऐकू आला. दचकल्यावर घेतात तसा.

"लाइनवर कोणी आहे का?" त्यांनी विचारलं. त्यांच्या नोकरीतल्या आवाजात.

मी आहे, असं म्हणायचं होतं.

"कोणी नाही," ते स्वतःशीच म्हणाले.

शेवटचा गट झाला. मग बाईनं तो प्रश्न विचारला.

"ही प्रत किती यंत्रांवर वापरात आहे?"

दोन म्हटलं तर दोन्ही जाणार होत्या. तिकडची दुपार आणि इकडची. आईला कुठेच काही उरणार नव्हतं. एक म्हटलं तर ते जाणार होते, दुसऱ्यांदा, आणि या वेळी माझ्या तोंडून. त्यांना दुसरं घर असल्याचं माहीत नव्हतं. ते खरं तेच सांगणार होते. मला माहीत होतं, म्हणून माझी जीभ रेटेना.

"ही प्रत किती यंत्रांवर वापरात आहे?"

मी गप्प राहिले.

तारेच्या तळातून त्यांचा आवाज आला, स्वच्छ, प्रामाणिक.

"एक."

"धन्यवाद," बाई म्हणाली.

फोन बंद झाला.

मी पडद्याकडे बघितलं. काळं गेलं होतं. नेहमीचं समुद्राचं चित्र आलं होतं, कोपरा मोकळा होता. ती ओळ नव्हती. मी श्वास सोडला. सुटलो, असं मला वाटलं. दोघंही सुटलो.

"आई, झालं गं," मी हाक मारली.

ती आली. चौकटीला हात, मग कपाटाला, मग टेबलाला. माझ्यासमोर येऊन थांबली. तिची नजर माझ्यावरून मागच्या खिडकीकडे गेली. पण ती नेहमीच तशी बघते.

"आई."

तिच्या मागे खुर्ची करकरली.

"निघाली का अस्सल?" तिनं विचारलं. मान मागे वळवून.

"निघाली. एकच आहे म्हणून सांगितलं."

"मग लावू?"

"लाव."

टेबलावर कोणीतरी पाण्याचा पेला ठेवला. हाताला करडी बाही होती. बाहीचं बटण नीट लावलेलं होतं.

आईचं बोट पट्टीवर चाचपडत आलं.

मला तिला हाक मारायची होती. मी तोंड उघडलं.

पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मी ते प्रकरण वाचलं. मधे थांबता आलं नाही. नळ खाकरला. पान उलटलं. "त्यानं दार लावलं," मी म्हणाले. "थांब हं, पुन्हा घेते." आईच्या मागे कोणीतरी हळूच हसलं, आणि मग हसू थांबलं, आणि कोणीतरी नाक ओढलं.

आईचं बोट पुन्हा पट्टीकडे आलं. सवयीनं ते आधी बटणावरून फिरलं, कडेनं, गोल. ते बटण लाकडी होतं.

मी खाली बघितलं. माझ्या स्वेटरवर, वरून दुसऱ्या जागी, नुसता निळा दोरा लोंबत होता.

"उरलेलं उद्या," आई म्हणाली, आणि बटण दाबलं.